पिवळ्या मस्टँगसाठी पाच दिवस

मुंबईहून परत आल्यापासून शाळेत आणि शेजारात सगळे विचारतायत, काय काय पाहिलंस? पाच दिवस म्हणजे चौपाटी झाली असेल, दादरला खरेदी तरी झालीच असेल. मी पाहिली ती चिंचपोकळीची एक बंद शेड, गिरगावातला एक उभा लाकडी जिना, परळच्या दवाखान्यातली एक काळोखी खोली आणि एक अमेरिकन गाडी, जिच्या तळाला धड पत्रा नव्हता. समुद्र टॅक्सीतून दोनदा दिसला असावा. दोन्ही वेळा माझं लक्ष शेजारी बसलेल्या माणसाकडे होतं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. वय शहात्तर. चिपळूणला एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली, पण त्याआधी तरुणपणी चार वर्षं ते लालबागच्या एका गॅरेजात होते. त्यांचा तेव्हाचा जोडीदार बाबल अजून तिथेच वेल्डिंगचं छोटं दुकान चालवतो. त्याचा फोन आला.

"वसंता, डॉक्टरांची ती पिवळी आसा रे अजून. चिंचपोकळीक, शेडीत. सोमवारी शेड पाडतत."

पिवळी म्हणजे मस्टँग. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. गिरगावच्या एका डॉक्टरांनी ती कुणा परदेशी साहेबाकडून घेतली होती आणि ती दुरुस्तीला या दोघांच्या गॅरेजात यायची. भाऊंनी तिचं इंजिन एकदा उतरवून परत चढवलं होतं. ही गोष्ट मी लग्न होऊन घरात आले त्या वर्षीच ऐकली, आणि त्यानंतर दरवर्षी.

फोन ठेवून भाऊ म्हणाले, "मी जातोय. आणायची आणि चालती करायची."

माझा नवरा अभय मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाही म्हटलं तर एकटे जातील. तू जा बरोबर." मुलीची परीक्षा असल्याने त्याला घरी थांबायचं होतं. मी गणित शिकवते आणि काळजी करते. दुसरं काम मी जास्त मन लावून करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पिशवीत बॅटरी, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या आणि भाऊंच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. भाऊंच्या पिशवीत नट-बोल्टचे पाने होते, आणि आमच्या फ्रिजवरचं हापूस आंब्याचं लोहचुंबक.

गुरुवार: लालबाग, चिंचपोकळी

सामान दादरच्या लॉजवर टाकून आम्ही थेट बाबलच्या घरी गेलो. गल्लीत मिरच्या कांडायचं काम चालू होतं. भाऊ शिंकत होते आणि हसत होते. बाबल दारातच उभा होता. काटकुळा, अंगात बनियन, हातांवर ठिणग्यांचे जुने डाग.

"खंय होतंस रे इतकी वर्सां?" असं म्हणून त्याने भाऊंना मिठी मारली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सूनबाई, चपला आत काढ, बाहेर राहणार नाहीत."

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग जेवून जाण्याचा आग्रह, मग नको नको, असा तासभर तरी कार्यक्रम चालतो. इथे बसल्या बसल्या ताट आलं. तळलेले बोंबील, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात. आग्रह नाही, फक्त वाढणं. "जेवा पटापट," बाबल म्हणाला, "शेडची चावी चारला परत द्यायची आहे." बोंबील तोंडात विरघळत होते आणि मी घड्याळ बघत होते.

शेड रेल्वेच्या भिंतीला लागून होती. कधीकाळी तिथे कापड रंगवायचा कारखाना होता. आता भिंतींवर लाल फुल्या मारलेल्या होत्या, म्हणजे पाडायचं नक्की होतं. आत कोपऱ्यात जुन्या फ्लेक्सचे तीन थर टाकून काहीतरी झाकलेलं होतं. बाबलने एकेक थर ओढला. उंदीर पळाले. मी दोन पावलं मागे गेले.

गाडी पिवळी होती हे सांगितल्यावर कळलं असतं इतकीच पिवळी उरली होती. चारही टायर बसलेले, एक दिवा फुटलेला, मागच्या काचेवर धुळीचा जाड थर. पण तिची ती लांब बैठक, पुढे झेपावल्यासारखं नाक, ते सगळं जागेवर होतं. मला गाड्यांमधलं काही कळत नाही, तरी मी ती दोन पावलं पुन्हा पुढे आले.

भाऊ तिच्याजवळ गेले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग तसाच हात फिरवत अख्ख्या गाडीला एक चक्कर मारली. बोटं कडेकडेने, दाराच्या फटीतून, चाकाच्या कमानीखालून. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. मला वाटलं, काय हे प्रेम.

मग पिशवीतून तो लोहचुंबकाचा आंबा बाहेर आला. जिथे लोखंड होतं तिथे तो चिकटायचा, जिथे कुणी पुट्टी भरून वरून रंग मारला होता तिथे घसरून पडायचा. "इथे पत्रा. इथे पत्रा. इथे पुट्टी," भाऊ म्हणत होते आणि मी वहीत लिहीत होते. आंबा बऱ्याच वेळा पडला.

मग त्यांनी दार उघडलं. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. ते डावीकडूनच आत शिरायला गेले, पाय आत टाकला आणि गुडघ्यापर्यंत खाली गेले. गाडीचा तळ कुजला होता. गंजलेल्या पत्र्याने पोटरी चांगलीच सोलून निघाली.

"अरे, बघून पाय टाक ना!" बाबल ओरडला.

"अंधारात दिसलं नाही."

मी रक्त पुसत होते, पट्टी बांधत होते, धनुर्वाताचं इंजेक्शन कुठे मिळेल ते बाबलला विचारत होते. पण एक गोष्ट तेव्हाच मनात रुतली. पाय टाकताना मी मागून बॅटरी धरली होती. उजेड बरोबर त्या भोकावर होता. जेवणाच्या ताटाएवढं भोक होतं ते.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, हे मला बाबलने सांगितलं. पत्रा हेच तिचं हाड. हाड कुजलं तर रंगरंगोटी करून उपयोग नसतो. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "मग कापायचं आणि जोडायचं. माझं कामच ते."

त्यांनी आठही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं. इंजिन इतकी वर्षं बंद राहिल्यावर आत पिस्टन चिकटून बसतात. तीन दिवस मुरू द्यायचं, मग हाताने फिरतं का बघायचं. फिरलं तर जीव आहे. निघताना भाऊंनी गाडीच्या पाटीवर कोरलेला कंपनीचा नंबर केरोसीनच्या बोळ्याने पुसून कागदावर उतरवला. मोठ्या मोठ्या अक्षरांत.

शुक्रवार: गिरगाव

डॉक्टर जाऊन खूप वर्षं झाली. गाडी आता त्यांच्या पत्नीच्या, नलिनीताईंच्या नावावर होती. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. जिना उभा, लाकडी, मधे दिवा नाही. भाऊंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. पायाचं दुखत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

नलिनीताई चौऱ्याऐंशीच्या. सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, ताठ पाठ. त्यांनी आम्हाला कोथिंबीर वडी दिली, घरी केलेली, आणि आम्ही खाईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत.

"गाडी मागायला आलेले तुम्ही पाचवे," मग त्या म्हणाल्या. "एकाला लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची होती. एकाला नुसतं इंजिन हवं होतं. एका हॉटेलवाल्याला तिच्या टपावर टेबल मांडायचं होतं. तुम्ही काय करणार?"

"चालती करणार," भाऊ म्हणाले.

"कशाला?"

"बत्तीस वर्षं एसटीच्या बशी चालत्या केल्या, बाई. एकही माझी नव्हती."

नलिनीताईंना ते उत्तर पटलं असावं, कारण त्या उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक घेऊन आल्या. भाऊंच्या कागदावरचा नंबर त्यांनी चष्मा लावून अक्षर अक्षर ताडून पाहिला.

"दोन ठिकाणी चुकतोय."

"चुकणार नाही. मी स्वतः उतरवलाय," भाऊ म्हणाले. "पाटीच बदलली असेल कुणी."

"म्हणजे डॉक्टरांनी चोरीची गाडी वापरली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी घाईघाईने म्हटलं, "ताई, शेडमध्ये काळोख आहे. मी स्वतः पुन्हा वाचून येते."

"या. आणि येताना लिहून आणा. काय काय करणार, कुणी करणार, कसं करणार. तोंडी सांगणारे चार जण येऊन गेलेत."

भाऊंना लॉजवर सोडून मी एकटी बाबलबरोबर शेडमध्ये गेले. पाटी स्वच्छ पुसलेली होती. मी बॅटरी न लावताही वाचू शकले. आरसी बुकातला नंबर आणि हा नंबर तंतोतंत एक होता. भाऊंनी आठचे तीन केले होते आणि एका अक्षराचा आकडा.

मी तिथे एका पिंपावर बसले. बाबलने विचारलं, "काय झालं?" मी काही नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी भाऊंनी स्कूटर सोडली, गुडघा दुखतो म्हणाले. मग पेपर सोडला, त्याच त्याच बातम्या म्हणाले. माझ्या हातून डावीकडून दिलेला चहा त्यांनी दोनदा सांडला होता. दोन्ही वेळा मी कप भरताना माझी चूक झाली असं समजून फडकं आणायला धावले होते. सोळा वर्षं एका घरात राहून मी हे पाहिलं नव्हतं.

अभयला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. काय सांगणार होते? तो म्हणाला असता, दोघं परत या. आणि सोमवारी ती गाडी भंगारात गेली असती.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत भाऊंनी मला आराखडा सांगितला. ते खाटेवर डोळे मिटून बसले होते. आधी गाडी धुवायची नाही, कारण पाणी कुजलेल्या जागी शिरतं. आधी सीटा, मग काचा, मग वायरिंग, प्रत्येक वायरला चिठ्ठी. इंजिन वर काढल्याशिवाय तळ कापायचा नाही, आणि तळ कापायच्या आधी दारांत आडव्या कांबी जोडून घ्यायच्या, नाहीतर गाडी मधेच वाकते. तळाचे पत्रे अमेरिकेत अजून नवे बनतात, ते बोटीने येतात. पण आधी इथे ठोकून बघायचे. ब्रेकचे पाइप सगळे नवे. एकदाही न अडखळता, एकदाही मागे न जाता त्यांनी दीड तास सांगितलं. माझी आठ पानं भरली. सगळी गाडी त्यांना आतून दिसत होती.

मी विचारणार होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "भाऊ, दूध सांगू?"

शनिवार: गिरगाव, परळ

नलिनीताईंनी आठही पानं वाचली. अर्धा तास लागला. मी नंबर बरोबर असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी भाऊंकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं. शेवटचं पान खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"आराखडा उत्तम आहे. तुम्ही मला एक सांगा. पत्रा कापताना, वेल्डिंग करताना यांच्याजवळ कोण असणार?"

भाऊ म्हणाले, "मी एकटा पुरेसा आहे."

"मी यांना विचारतेय."

मी वर्गात मुलांना नेहमी सांगते, उत्तर येत असेल तर हात वर करा. मी म्हटलं, "ताई, यांना नीट दिसत नाही. डावीकडचं तर नाहीच बहुतेक. मला कालच कळलं. हे एकट्याने करू शकणार नाहीत."

भाऊ उठले. चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरायला लागले. मी मागे धावणार, तेवढ्यात नलिनीताईंनी माझं मनगट धरलं.

"आज मी गाडी देत नाही. आधी डोळे दाखवा. शेड सोमवारी पडणार आहे, ते मला माहीत आहे. सोमवारी सकाळी दहापर्यंत कागद घेऊन या."

भाऊ रस्त्यावर झपाझप चालत होते. मी गाठलं तेव्हा ते न थांबता बोलले.

"परक्याच्या घरात माझी अब्रू घालवलीस. घरी बोलायचंस."

"घरी तुम्ही कधी सांगितलंत?"

"काय सांगायचं? मला सगळं दिसतं!"

डावीकडच्या गल्लीतून खोक्यांनी भरलेली हातगाडी बाहेर येत होती. हमाल ओरडत होता, "बाजू, बाजू!" भाऊ आवाजाच्या दिशेने वळले, पण उशिरा. मी दंड धरून ओढलं. खोक्याचा कोपरा त्यांच्या खांद्याला घासून गेला आणि शर्टाची शिवण उसवली. हमाल शिव्या देत पुढे गेला.

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरच्या दुकानातून मी दोन ग्लास पियूष आणलं. उजव्या बाजूने दिलं. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ग्लास घेतला.

ग्लास रिकामा करून त्यांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"आधी डोळे, मग गाडी."

"म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत."

"नाही."

"दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?"

बाबलच्या ओळखीने परळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारची वेळ मिळाली. तिथे एका काळोख्या खोलीत भाऊंना एका पांढऱ्या, खोलगट यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, हातात एक बटण धरायचं. आत कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मला मागच्या स्टुलावर बसू दिलं, बोलायचं नाही या अटीवर.

उजव्या डोळ्याच्या वेळी टिक, टिक असं बऱ्यापैकी चालू होतं. मग डावा. यंत्र प्रत्येक दिव्याआधी आतल्या आत बारीक घरघर करायचं. घरघर, आणि टिक नाही. घरघर. टिक नाही. मी सवयीने मोजायला लागले. एकोणीस वेळा घरघर झाली आणि एकदाही टिक वाजलं नाही. भाऊ बटणावर अंगठा ठेवून, श्वास रोखून वाट बघत होते. मग एक टिक वाजलं, आणि मी पदराने तोंड दाबलं.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय. उजव्याला मोतीबिंदूही आहे, म्हणून आकडे चुकतात. त्याचं ऑपरेशन होईल आणि त्या डोळ्याने बरं दिसेल. "काचबिंदूने गेलेलं मात्र परत येत नाही, आजोबा. उरलेलं राखता येईल."

भाऊ हळूच म्हणाले, "चिपळूणला दाखवलं होतं दोन वर्षांपूर्वी. थेंब दिले होते. काही फरक पडेना, म्हणून सोडले."

"फरक पडू नये म्हणूनच असतात ते," डॉक्टर म्हणाल्या.

भाऊंनी विचारलं, "वेल्डिंग चालेल?"

"नाही."

"पाना?"

डॉक्टरांना हसू आलं. "पाना चालेल. बोटं सांभाळा."

त्या संध्याकाळी मी अभयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊंना दे फोन." त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी बाहेर सज्ज्यात जाऊन उभी राहिले.

रविवार: चिंचपोकळी

इंजिन फिरतं का बघायचा दिवस. डोळ्यांचं असं झालं, आता हेही जाम निघालं तर भाऊ कसे परत येतील, एवढाच विचार सकाळपासून माझ्या डोक्यात होता.

बाबलने पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि पान्याला हातभर लांब पाइप. पाइपवर अंगाचा भार टाकला. काही नाही. दोन्ही पाय उचलून अक्षरशः लोंबकळला. काही नाही.

"वसंता, पिस्टन गेला रे हा."

"ओढू नकोस," भाऊ म्हणाले. "सोड. मला दे."

त्यांनी पाइपवर फक्त तळहात ठेवला, आणि दुसरा हात इंजिनवर. पुढे नाही, उलट्या दिशेला थोडं. मग पुढे थोडं. पुन्हा मागे. लहान मुलाला झोपवावं तसं. मला काहीच हललेलं दिसत नव्हतं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि ते भिंतीकडे बघत होते.

"आला," ते म्हणाले.

"खंय आला?" बाबल म्हणाला.

तेवढ्यात आतून ओल्या चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज झाला, आणि पाइप वीतभर खाली गेला. मग आणखी वीतभर. प्लगच्या भोकांतून काळं ऑइल उसळून बाबलच्या बनियनवर आलं. त्याने ते पुसलं नाही. दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत शेडमध्ये उभे होते आणि मी पिंपावर बसून रडत होते.

दुपारी बाबलच्या दुकानात आराखडा पुन्हा लिहिला. कामं तीच राहिली. कुणी करायचं ते बदललं.

"कापणं आणि वेल्डिंग माझं," बाबल म्हणाला. "मी येतंय चिपळूणाक. गणपतीक गावाक येतंयच, महिनाभर आधी येईन."

"मोजमापं, वाचणं, चिठ्ठ्या माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुला पाना धरता येतो?" भाऊंनी विचारलं. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी आपणहून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"शिकेन."

"बघू," ते म्हणाले.

सोमवार: गिरगाव, चिंचपोकळी

साडेनऊलाच आम्ही त्या जिन्यावर होतो. या वेळी भाऊंनी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्याने माझा खांदा.

नलिनीताईंनी दवाखान्याचा कागद पाहिला. त्यावर त्या यंत्राने काढलेलं चित्र होतं, एक गोल आणि त्याच्या डाव्या बाजूला काळा डाग.

"हे काळं म्हणजे?"

"दिसत नाही तेवढं," भाऊ स्वतःच म्हणाले.

नलिनीताईंनी कागद खाली ठेवला. "आमच्या डॉक्टरांना शेवटी शेवटी संध्याकाळचं दिसत नसे. मला माहीत होतं. मी शेजारी बसायचे आणि गप्प राहायचे. एकदा वरळीला कठड्यावर घासली गाडी. त्या दिवशी मी चावी काढून घेतली. पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत." त्यांनी नवा आराखडा वाचला, कुणी करायचं त्या ओळींवर बोट ठेवून. मग सह्या केल्या. देण्याघेण्याचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, तिच्यासाठी लागणारे कागद त्यांनी आधीच काढून क्रमाने लावून ठेवले होते.

"तुमच्या सासऱ्यांवर रागवू नका," निघताना त्या मला म्हणाल्या.

"तेच माझ्यावर रागावलेत, ताई."

"ते जाईल."

शेडवर पोहोचलो तर जेसीबी येऊन उभा होता आणि आमचा ट्रक आला नव्हता. भायखळ्याला अडकलाय, असं ड्रायव्हर फोनवर सांगत होता. तासाभरात त्याने हे चार वेळा सांगितलं. मुकादम म्हणाला, "मॅडम, बारा वाजता भिंत घेणार, आत काय असेल ते असेल." मी त्याच्यासमोर उभी राहून आरसी बुक दाखवलं, विनवण्या केल्या, शेवटी शाळेतल्या आवाजात ओरडले. शाळेतला आवाज उपयोगी पडला. त्याने जेसीबीला साखळी बांधून गाडी ओढून बाहेर काढून द्यायची तयारी दाखवली. बाबलने साखळी कुठे बांधायची ते दाखवलं, म्हणजे कुजका पत्रा फाटणार नाही. एक चाक फिरेना, ते घासत आलं. मागचा बंपर निखळून पडला. तो मी उचलून कडेवर घेतला. गाडी अंगणात आली आणि वीस मिनिटांनी मागची भिंत खाली बसली. धूळ खाली बसली तेव्हा ट्रक आला.

परत, चिपळूण

गाडी आमच्यानंतर दोन दिवसांनी पोहोचली. भाऊंना सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचं काम माझ्या मुलीने घेतलं आहे. ती वेळ चुकवत नाही आणि त्यांचं काही ऐकून घेत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यात परळला जायचं आहे. माझी झोप अजून नीट नाही. तळाचे पत्रे बनतील का, बाबल खरंच येईल का, उजवा डोळा टिकेल का, यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही.

ट्रकवरून गाडी उतरवायला शेजारचे सहा जण आले. लाकडी फळ्यांवरून मागे मागे सोडत आणायची आणि अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली लावायची. कुणीतरी स्टिअरिंगवर बसायला हवं होतं. बाबलने शेडमध्येच सीटखाली एक जाड फळी टाकून दिली होती, आणि ट्रकवर चढवताना अडलेलं चाकही मोकळं केलं होतं. अभय पुढे झाला. भाऊंनी त्याला हाताने बाजूला केलं आणि स्वतः आत बसले.

त्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्यांच्या डाव्या हाताला विहिरीचा कठडा होता, दीड हातावर. तो त्यांना दिसत नव्हता, आणि ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी उजवीकडच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"सोडा," मी म्हटलं.

गाडी फळ्यांवर आली. "थोडं उजवीकडे. अजून. आता सरळ." भाऊंची नजर समोर होती. मी म्हणेन तसं स्टिअरिंग फिरत होतं, तेवढंच, एक बोटभरही जास्त नाही. "डावीकडे एक हात जागा आहे. अर्धा हात. उजवीकडे घ्या, भाऊ. बस. सरळ. येऊ द्या. येऊ द्या. थांबा."

ब्रेक नव्हतेच. अभयने चाकाखाली दगड सारला. गाडी छपराखाली स्थिर झाली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

भाऊ आतच बसून होते. हात स्टिअरिंगवर, मान किंचित माझ्या दिशेला.

"उतरू का?" त्यांनी विचारलं.

सोळा वर्षांत त्यांनी मला विचारून केलेली ही पहिलीच गोष्ट. मी खाली वाकून तळाचं भोक कुठे आहे ते पाहिलं आणि म्हटलं, "उतरा. या बाजूने. उजवा पाय आधी."